शुक्रवारी पाहिलेली खोली

नवीन गावात गेल्यावर राहायला कुठली वस्ती निवडावी, यावर मी त्या दिवसांत कुणीही न विचारता व्याख्यान देत असे. वय तेवीस. पाठीवर एक बॅग, बॅगेत लॅपटॉप, मायक्रोफोन आणि आईने बळेच कोंबलेली मेतकुटाची बरणी. एका गावात महिनाभर राहायचं आणि मग पुढचं गाव गाठायचं. बार्शी झाली, जालना झालं, खामगाव झालं. सगळे जिथे फिरायला जातात तिथे मला जायचं नव्हतं. तिथली माणसं आल्यागेल्याकडे बघून ठरलेलं हसतात आणि मला त्याचा राग येतो. म्हणून चौथं गाव भिवंडी. "भिवंडीला? कापड घ्यायला का?" एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं. नाही, राहायला, असं म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अर्धी चिक्की दिली.

पोटापाण्याचं काम म्हणाल तर मुलांच्या गोष्टींची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. हे काम कुठूनही करता येतं, असं मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते कुठूनच नीट होत नव्हतं. आधीची दोन पुस्तकं पुण्याहून परत आली होती. एकात माझ्या आवाजामागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, दुसऱ्यात लाउडस्पीकरवरचं भजन. पुण्याची संपादक ताई स्वभावाने प्रेमळ, पण कामात कडक. तिने तिसरं पुस्तक पाठवताना स्पष्ट सांगितलं, "हे महिन्याभरात नीट आलं तर पुढचं देते. नाहीतर दुसरा आवाज शोधावा लागेल गं."

दुसरा आवाज मिळाला की माझं फिरणं संपलं. कराडला मामांच्या पतपेढीत काउंटरवरची एक खुर्ची माझी वाट बघत होती. दिवाळीला गेले तेव्हा ती मी पाहिलीसुद्धा होती. मामीने तिच्यावर उशी शिवून घातली होती. त्या उशीची मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा भिवंडीत मला हवी होती शांतता, आणि ती शोधायची माझी खास पद्धत होती. आधी वस्तीतल्या मेडिकलमध्ये जाऊन डोकेदुखीची गोळी मागायची. गोळी देऊन दुकानदार गप्प बसला तर ठीक. कुठून आलात, एकट्याच का, कुणाकडे उतरलात, इथपर्यंत गेला तर वस्ती बाद. मग चहाच्या टपरीवर एकटीने दहा मिनिटं उभं राहून बघायचं. मग खोलीत जाऊन दार लावायचं आणि एक टाळी वाजवायची. टाळी घुमली तर खोली रेकॉर्डिंगला बेकार. शेवटी डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. ही पद्धत मी मैत्रिणींना फोनवर सविस्तर समजावून सांगितली होती आणि त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली होती. मैत्रिणी चांगल्या आहेत माझ्या.

बुधवारी वडप्याला गेले. गोदामांना जागा देऊन बरकतीला आलेल्या एका गृहस्थांची नवी कोरी बिल्डिंग होती. लिफ्टला अजून रंगाचा वास येत होता. "इथं कशाला कमी न्हाय," मालक म्हणाले. "पाणी हाय, लिफ्ट हाय, खाली बिर्याणी हाय." खाली कंटेनर मागे घेणाऱ्या गाड्याही होत्या आणि प्रत्येक गाडीची मागे येतानाची आपली एक धून होती. त्याच संध्याकाळी अंजूरफाट्याला एक खोली पाहिली. तिथे मी टाळी वाजवली, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये ती माझी मलाच ऐकू आली नाही.

गुरुवारी कामतघर. समोर वऱ्हाळा तलाव, वारा, झाडं, स्वच्छ जिना. मी बॅग जवळजवळ खाली ठेवलीच होती. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत हळदीचा डीजे सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. समोरच्या दारातले काका कौतुकाने म्हणाले, "लग्नसराई आहे ना. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, परवा आमच्याकडे. तुम्ही पण या." माझी खरी अडचण अशी की मलाही खाली जाऊन नाचावंसं वाटत होतं. अशा ठिकाणी पुस्तक पुरं झालं नसतं.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला मी त्या गल्लीत पोचले. गल्लीचं नाव लिहीत नाही, घरमालकीण काकू रागावतील. एका किराणावाल्याने पत्ता दिला होता. रिटायर्ड शिक्षिका, घरात एकट्याच, वरची खोली भाड्याने देतात, मुलगी चालेल. गल्लीत शिरले आणि थबकले. चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला घरांची रांग, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छपराची लांबलचक शेड, शटर खाली ओढलेली, कुलपं घातलेली. भिवंडी लूमचं गाव आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लूम बंद पडतायत, भंगारात जातायत, असं पेपरात वाचलेलं होतं. मी त्या कुलपांकडे पाहिलं आणि मला वाईट वाटलं. बिचारे, हेही बंद पडलेले दिसतायत, असं मनाशी म्हणाले. वाईट वाटता वाटता थोडा आनंदही झाला, हे खरं आहे.

काकू उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. दार उघडताच म्हणाल्या, "ये ये, आधी पाणी पी." वरची खोली जुन्या पद्धतीची, जाड भिंतींची. एक लोखंडी पलंग, एक टेबल, पलंगाखाली घडी केलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मी दार लावून टाळी वाजवली. टाळी घुमली नाही. डोळे मिटले. पाच मिनिटांत एक कावळा आणि लांब कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, बस्स. मला भरून आलं. अशी शांतता बार्शीलाही नव्हती.

मी खाली येऊन म्हणाले, "काकू, मला खोली पसंत आहे. एकच महिना राहीन."

काकू जरा संकोचून म्हणाल्या, "आज तुला भकास वाटत असेल. उद्या सकाळपासून बरं वाटेल बघ."

"नाही नाही, मला असंच आवडतं."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण चहा टाकला. संध्याकाळी मी बॅग आणली. आईला फोन करून सांगितलं की भिवंडीतली सगळ्यात शांत खोली मी शोधून काढली आहे. पद्धत असली की सगळं होतं, असंही सांगितलं.

शनिवारी सकाळी सात वाजता पहिला लूम सुरू झाला. खटक-खटक, खटक-खटक. मला वाटलं कुणीतरी दार वाजवतंय, म्हणून मी उठून दार उघडलं. मग दुसरा सुरू झाला, मग सगळी रांग. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. जमीन पायाखाली गुदगुल्या करत होती. मी धावत खाली गेले. काकू गॅससमोर शांतपणे पोहे परतत होत्या.

"काकू, हा आवाज!" मी ओरडले.

काकूंचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्या जवळ येऊन विचारलं, "कसला आवाज?" आणि खरोखर कान देऊन ऐकलं. मग मान हलवली. "कुठे काय?"

त्या मला फसवत नव्हत्या. भिवंडीत लूमचा आठवड्याचा खाडा शुक्रवारी असतो, हे त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवतो यासारखं. हे कुणी कुणाला सांगायचं असतं का? शुक्रवारी कारखाने बंद, माणसं झोपलेली, दुपारी बरेचसे नमाजाला गेलेले, आणि मी नेमकी त्याच दुपारी डोळे मिटून पाच मिनिटं उभी राहिले होते. पस्तीस वर्षं या गल्लीत राहून काकूंना खटका ऐकूच येत नव्हता. त्यांना न येणारा खटका ऐकू यायचा. म्हणून तर शुक्रवार भकास.

आता शहाणी मुलगी त्याच दिवशी खोली सोडून गेली असती. पण काकूंना शब्द दिला होता, आईला भिवंडीतली सगळ्यात शांत खोली म्हणून सांगून झालं होतं, आणि नाक कापून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी डोक्यावरून गोधडी घेऊन, आत मायक्रोफोन घेऊन, घामाघूम होत वाचलं. पुस्तकात एक मुलगी आपली हरवलेली म्हैस शोधत गावोगाव फिरते. ताईने पहिली दोन प्रकरणं ऐकून एवढंच कळवलं, "म्हैस गिरणीत हरवली आहे का?"

कोपऱ्यावरच्या टपरीवर दुसरीकडच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला एक कामगार चहा घेत होता. माझी तक्रार ऐकून तो हसला. "दीदी, मशीन चलने से क्या डरना. बंद पडे तब डरना." त्याचं बरोबर होतं, पण त्याला पुस्तक वाचायचं नव्हतं.

त्या आठवड्यात एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. या गल्लीतली माणसं आवाज न करता बोलतात. कारखान्यात लूमच्या दोन टोकांना उभे असलेले दोघे ओरडत बसत नाहीत, ओठ स्पष्ट हलवतात, भुवई उचलतात, हाताने दाखवतात, आणि अख्खा निरोप पोचतो. ती सवय घराघरांत शिरलेली. काकू जिन्याखाली उभ्या राहून ओठांनी "चहा?" विचारायच्या. आधी मी मठ्ठासारखी बघत राहायचे. तीनचार दिवसांत मला "चहा" आणि "जेवलीस का" एवढं वाचता यायला लागलं. "दूध उतू गेलं" हे मात्र मी "पाहुणे आले" असं वाचलं आणि केस विंचरून खाली गेले.

मग दुसरा शुक्रवार आला. मी तयारीने बसले होते. सकाळी सातपासून दुपारी अडीचपर्यंत गल्ली गाढ झोपेत, त्यानंतर कॅरम आणि क्रिकेट सुरू, एवढा हिशेब चहावाल्याकडून समजून घेतला होता. दाराला बाहेरून चिठ्ठी लावली: "रेकॉर्डिंग चालू आहे. कृपया हाक मारू नये." दाराखालच्या फटीतून आवाज येऊ नये म्हणून पलंगाखालचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे ओढून तिथे रचले. आणि सलग वाचलं. एकही चूक नाही, मागे एकही आवाज नाही. अडीच वाजता मी विजयी मुद्रेने दार उघडलं.

काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर तांदळाचं सूप, पण हात चालत नव्हते.

"काकू, इथे का बसलात?"

"खाली बरं वाटेना." मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, दारापाशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे. त्यांनी वाकून एक गठ्ठा सरळ केला आणि त्याची कड हाताने पुसली.

त्या दुपारी, बाहेर कॅरमची सोंगटी टकटकत असताना, त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान समोरच्याच कारखान्यात मेहता होते. कामगारांची हजेरी, आलेलं सूत, निघालेलं कापड, सगळं बघणारा माणूस म्हणजे मेहता. सहा दिवस ते कारखान्यात, काकू शाळेत, आणि घरी आल्यावर खटक्यात कसलं बोलणं? ओठांनी कामापुरतं. पण शुक्रवारी दुपारी काकूंची सकाळची शाळा सुटायची आणि यजमान घरी असायचे. आठवड्याचे सगळे पेपर ते न वाचता घडी करून ठेवत. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवत. अग्रलेख, हवामान, छोट्या जाहिरातीसुद्धा. "आमच्या घरी सगळ्या बातम्या शिळ्या," काकू हसून म्हणाल्या. "निवडणुकीचा निकाल गल्लीला कळायचा मंगळवारी आणि मला शुक्रवारी." ते जाऊन तीन वर्षं झाली होती. पेपर अजून येत होता. काकू घडी करून वर ठेवत होत्या.

मी त्याच गठ्ठ्यांनी फट बुजवली होती. आणि शुक्रवारी घरात माणसाचा आवाज असावा म्हणून त्यांनी जी भाडेकरू ठेवली होती, हे मला आत्ता उमगत होतं, तिनेच हाक मारू नये म्हणून दाराला चिठ्ठी लावली होती. मला स्वतःची लाज वाटली. मी चिठ्ठी काढून खिशात घातली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "आवाज एकदम स्वच्छ आहे. पण बाई, तू भिंतीला वाचून दाखवतेयस. म्हैस हरवलीय, आणि तुला काही पडलेलंच नाही." मग म्हणाली, "हे मी घेऊ शकत नाही गं. अजून दोन आठवडे आहेत तुझ्याकडे." फोन ठेवल्यावर मला मामीची उशी दिसायला लागली. तिला झालर होती.

काकूंकडे कपडे-भांड्याला येणारी मावशी दिघाशीकडची, डोंगराच्या अंगाच्या पाड्यावरची. भाताची कामं नसली की ती अशी शहरात घरकामाला यायची. माझं तोंड पाहून तिने विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "मंग आमचे घरा चल की. तिकडं काय पन आवाज न्हाय." मंगळवारी तिची सुट्टी होती. शेअर रिक्षा, मग थोडं चालत, आम्ही तिच्या घरी पोचलो. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन. कोपऱ्यात भाताच्या कणगीपाशी शेंदूर लावलेला त्यांचा देव. "देवाला पाठ करू नको, इकडं तोंड करून बस," मावशीने सांगितलं. मी तशी बसले. खरोखर आवाज नव्हता. मी पुस्तक उघडलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पहिलं वाक्य वाचलं.

"हूं," मागून आवाज आला.

मावशीची म्हातारी सासू येऊन बसली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक वाक्याला "हूं". म्हैस हरवली तिथे "आगं आई". मी थांबले तर "मंग?" मी हळूच सांगितलं की आजी, जरा गप्प बसाल का. आजीला ते अजिबात पटलं नाही. "हूं केला न्हाय तं गोष्ट पुढं कशी जायची?" तिच्या घरात गोष्ट सांगणारा एकटा गोष्ट सांगत नाही. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणारा तिथेच थांबतो, ही तिथली रीत. मी हार मानली आणि आजीलाच गोष्ट सांगितली. तीन प्रकरणं. शेजारच्या बाया येऊन बसल्या, कोंबड्या येऊन गेल्या. म्हशीचा माग लागतो त्या जागी आजीने माझा गुडघा घट्ट धरला. मला फार मजा आली. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने तो दिवस पूर्ण वाया गेला होता.

तरी दिवस कुठे गेला ते ताईला कळावं म्हणून मी तो तुकडा गंमत म्हणून पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "हे! हेच हवंय मला. असंच वाच. फक्त ते हूं नको."

आता पंचाईत अशी की मला ऐकणारं माणूस हवं होतं, पण त्याने आवाज करायचा नव्हता. बिनआवाजी हुंकार देणारं माणूस कुठून आणायचं? हा विचार मी भिवंडीच्या त्या गल्लीत, काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, दोन दिवस केला. काकू समोर भाजी निवडत होत्या आणि खटक्यात, ओठ हलवून, "मीठ दे" म्हणत होत्या. मी मीठ दिलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो गुरुवारी संध्याकाळी पडला, आणि मला स्वतःच्या कानफटीत मारावीशी वाटली.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मी वरचं दार उघडं ठेवून खाली गेले. "काकू, वर येता का? मला वाचून दाखवायचंय. फक्त तुम्ही बोलायचं नाही."

"मी कशाला बाई," त्या म्हणाल्या, पण पदराला हात पुसत होत्या.

त्या माझ्यासमोर पलंगावर बसल्या. मी वाचायला लागले. पहिल्याच वाक्याला त्यांची भुवई वर गेली. दुसऱ्याला मान किंचित हलली. मुलीला गोठ्यात दावं रिकामं दिसतं तिथे त्यांच्या ओठांनी अगदी स्पष्ट "अगं बाई" म्हटलं आणि खोलीत कणभरही आवाज झाला नाही. मी वाचत होते आणि त्या प्रत्येक वाक्याला पुढे ढकलत होत्या. "मंग?" सुद्धा त्यांच्याकडे होता, हनुवटीचा. पस्तीस वर्षं खटक्यात बोलायला शिकलेली बाई शांततेत किती बोलू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. मध्ये एका जागी माझा आवाज भरून आला. मी ते तसंच ठेवलं.

अडीच वाजता मुलं बॅट घेऊन बाहेर पडली तेव्हा निम्मं पुस्तक झालं होतं. "म्हैस सापडते का गं?" काकूंनी मोठ्याने विचारलं. वाचन सुरू झाल्यापासूनचा हा त्यांचा पहिला आवाज.

"आत्ता नाही सांगणार. पुढच्या शुक्रवारी."

"मेली आगाऊ," त्या म्हणाल्या, आणि खाली जाऊन माझ्यासाठी घावन घातले. तो आठवडाभर त्या मला जिन्याखालून ओठांनी म्हशीबद्दल विचारत होत्या आणि मी मान हलवून नकार देत होते. मला इतकं बरं वाटत होतं की सकाळी सातला पहिला लूम सुरू झाला की मी कूस बदलून पुन्हा झोपायला लागले.

चौथ्या शुक्रवारी म्हैस सापडली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, तोही आवाज न करता. बुधवारी ताईचं उत्तर आलं: पुस्तक घेतलं, पुढचं पाठवते, आवाज तोच ठेव. मी आईला फोन केला. आईने मामीला सांगितलं असावं, कारण संध्याकाळी मामीचा मेसेज आला की उशी मामांनाच छान बसते आहे.

पण महिना संपत आला होता. मी एकच महिना राहीन असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि माझं पुढचं गाव ठरलेलं होतं. काकूंनी किराणावाल्याकडे खोली रिकामी होणार असल्याचं सांगून ठेवलं. मी बॅग काढून पलंगावर ठेवली, आणि तिच्यात काहीच भरलं नाही.

पाचव्या शुक्रवारी दुपारी एक वाजता एक मुलगी खोली बघायला आली. माझ्याच वयाची, हॉस्पिटलात नोकरीला लागलेली, नाइट ड्युटीची. गोड होती. खोलीत आल्यावर तिने खिडकी उघडली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. "किती शांत आहे हो! मला दिवसा झोपायला अशीच जागा पाहिजे होती."

काकू संकोचून म्हणाल्या, "आज जरा भकास वाटत असेल. उद्या सकाळपासून..."

"उद्या सकाळी सातला," मी मध्येच म्हणाले, "समोरचे सगळे लूम सुरू होतात. ग्लासातलं पाणी हलतं. दिवसा झोप विसर." आणि मी तिला सगळं सांगितलं. हातवारे करून, खटक्याची नक्कल करून. कामतघरची ती बिल्डिंगही सुचवली. डीजे संध्याकाळी असतो, म्हटलं, तेव्हा तू ड्युटीवर असशील. तिने माझे मनापासून आभार मानले आणि गेली. मी तिच्या झोपेसाठी खरं बोलले की माझी खोली राखली, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. झोप तिची होती हे खरंच आहे. पण मी इतकी चांगली नाही.

काकू दारात उभ्या होत्या. गल्लीत सामसूम होती, एकही लूम चालू नव्हता, मोठ्याने बोलायला कसलीच अडचण नव्हती. मी पलंगावरची रिकामी बॅग उचलून खाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी सरकवली. मग एक गठ्ठा बाहेर ओढला, दोरी सोडली आणि सगळ्यात वरचा पेपर उघडला. तीन वर्षांपूर्वीचं हवामान होतं.

काकू येऊन समोर बसल्या. आवाज न करता त्यांचे ओठ हलले, आणि मला ते पहिल्या झटक्यात वाचता आलं.

"पहिल्या पानापासून," त्या म्हणत होत्या. "जाहिरातीसुद्धा."